मायका उखड गया!

आज ऑफिसातून घरी गेलात की एक काम करा. फ्रेश वगैरे व्हायच्या आधी सरळ किचनमध्ये जा आणि जिथे जिथे सनमायका लावलाय तिथे कडेकडेने अंगठा फिरवा. ट्रॉल्यांची दारं, मायक्रोवेव्हखालचं टेबल, ब्रेकफास्ट काउंटर, सगळीकडे. अंगठा सटकन पुढे गेला तर तुम्ही सुखी माणूस. पण मध्येच कुठे तरी नख आत शिरलं, कडा जराशी वर उचलली गेली आणि 'टक्' करून परत बसली, तर वेलकम टू द क्लब! तुमचा सनमायका सुटतोय. आज नखाएवढा आहे, पुढच्या पावसाळ्यापर्यंत वीतभर होईल.

आमच्याकडचा दोन फूट सुटला होता.

"मॅडम, आपका मायका उखड गया है," मिस्त्रींनी अगदी गंभीर चेहऱ्याने निदान केलं. मुंबईतले मिस्त्री सनमायकाला नुसतं 'मायका' म्हणतात. दारात उभी असलेली आई तितक्याच गंभीरपणे म्हणाली, "माझं माहेर सुटून पंचेचाळीस वर्षं झाली. याला आज कळलं होय?"

मिस्त्रींना विनोद कळला नाही. ते टेप काढून मोजायला लागले होते. आणि खरा प्रॉब्लेम तिथूनच सुरू झाला.

त्याचं असं आहे. डोंबिवलीतला आमचा फ्लॅट बाबांनी 2004 मध्ये घेतला. बिल्डरने दिलेला ओटा ग्रॅनाइटचा, चौतीस इंच उंच. मला एकदम परफेक्ट, कारण मी बाबांवर गेलेय, पाच फूट सहा इंच. आई चार फूट दहा. पहिल्याच आठवड्यात तिचे खांदे भरून आले. भाजी चिरताना चालायचं, पण पोळी लाटताना कोपर वर उचलून लाटावं लागायचं. मग बाबांनी जे केलं ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. त्यांनी हॉलमधलं स्टूल किचनमध्ये आणलं, त्यावर रद्दीचा गठ्ठा ठेवला, वर पोळपाट ठेवला आणि आईला म्हणाले, लाट. ती लाटायची आणि बाबा गठ्ठ्यातले पेपर कमी-जास्त करायचे. "आता?" "जरा खाली." "आता?" "हं, आता बरंय." मग पोळपाट उचलून जमिनीपासून रद्दीपर्यंत टेप लावला. साडेतीस इंच. तेवढ्याच उंचीचा एक छोटा ओटा त्यांनी खिडकीखाली करून घेतला. साडेचार फूट लांब, दोन फूट रुंद, ग्रॅनाइटला काटकोनात जोडलेला. ग्रॅनाइटचं बजेट संपलं होतं म्हणून प्लायवूड आणि वर बदामी रंगाचा सनमायका.

बाबांना एर्गोनॉमिक्स हा शब्द माहीत असण्याची शक्यता नाही. ते रेल्वेत होते. पण त्या विषयातली माणसं जे सांगतात ते नेमकं हेच आहे. साध्या कामासाठी ओटा उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली हवा. आणि लाटण्या-मळण्यासारखं जोर लावायचं काम असेल तर आणखी खाली. एकाच उंचीचा ओटा घरातल्या सगळ्यांना चालेल हा नियम ज्याने कुणी काढला, त्याने पोळ्या केल्या नसणार.

तर वीस वर्षं आईचं राज्य या साडेतीस इंचांवर चाललं. बाबा 2017 मध्ये गेले, ओटा राहिला. मग दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर. फिजिओथेरपी, शेक, भिंतीवर बोटं चढवायचे व्यायाम, सगळं झालं. हात बराच सुटला, पण चौतीस इंचांच्या ग्रॅनाइटवर ती आजही चार पोळ्यांच्या वर लाटू शकत नाही. त्या वर्षी दिवाळीला आम्ही फराळ विकत आणला. आई काही बोलली नाही, फक्त एका करंजीचा तुकडा मोडून बघितला आणि म्हणाली, "सारण चांगलंय." ज्यांच्या घरी आई आहे त्यांना या वाक्याचा अर्थ मी सांगायला नको.

या वर्षी करंज्या घरी, असं तिने गणपतीतच जाहीर केलं होतं. आणि बरोबर त्याच पावसाळ्यात सनमायका सुटला. सिंकच्या बाजूच्या कोपऱ्यातून सुरुवात झाली आणि बघता बघता पुढच्या कडेने दोन फूट मोकळा. पोळपाट ठेवला की खालून टकटक. फटीत कणीक जायची, पाणी जायचं, आणि रात्री लाइट लावला की... जाऊ दे, जेवत असाल. आईने पोळपाट उचलला आणि खाली जमिनीवर बसून लाटायला सुरुवात केली. गुडघे तिचे सत्तरीला आलेले. बसणं जमायचं, उठताना ट्रॉलीच्या हँडलला धरून उठायची. ते हँडलसुद्धा ढिलं झालं.

आता मिस्त्रींकडे परत येऊ. त्यांचा सल्ला शॉर्ट अँड स्वीट होता: "निकाल दो, पूरा ग्रॅनाइट डाल दो, एक लेव्हल में." एक लेव्हल म्हणजे चौतीस. मी म्हटलं, खालचाच ठेवून वरचा सनमायका नवीन लावा. त्यावर ते म्हणाले की एवढ्याशा कामासाठी माणूस पाठवणं परवडत नाही, आणि दिवाळीआधी तर विसराच. दिवाळीआधी मुंबईत सुतार मिळणं म्हणजे विरार लोकलमध्ये विंडो सीट मिळण्यासारखं आहे.

मग मॉड्युलर किचनवाले आले. खरं सांगते, मला मॉड्युलर हवंच होतं. ऑफिसात दुपारी जेवताना मी फोनवर किचनचेच फोटो बघत असते. हँडललेस ड्रॉवर्स, सॉफ्ट क्लोज, मॅट फिनिश, आहाहा! लॅपटॉपवर थ्री-डीमध्ये आमचं किचन फिरवून दाखवलं तेव्हा मी जवळजवळ हो म्हटलं होतं. एस्टिमेट एक लाख पासष्ट हजार. माझ्या ईएमआयने लांबूनच हात जोडले. पण पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. मी विचारलं, खिडकीखालचा भाग साडेतीस इंचांवर ठेवता येईल? तो मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, सगळा लूकच जाईल." आई तेव्हा त्याच्यासाठी चहा ओतत होती, ग्रॅनाइटवर, खांदा जरा वर उचलून. मी लॅपटॉपकडे बघितलं. त्या थ्री-डी किचनमध्ये एक उंच सडपातळ बाई उभी होती. माझ्यासारखी. किचन अप्रतिम दिसत होतं, फक्त त्यात आईला उभं राहायला जागा नव्हती.

तो गेल्यावर आई म्हणाली, "तुला आवडलंय तर कर. मी काय, खाली बसून लाटेन." हे त्यागाच्या सुरात नाही, अगदी सहज. त्या रात्री मी ठरवलं. हा ओटा या दिवाळीपुरता तरी दुरुस्त होणार, आणि मीच करणार.

आधी थोडा होमवर्क. सनमायका हे खरं तर एका ब्रँडचं नाव, जसं झेरॉक्स किंवा डालडा. वस्तूचं नाव लॅमिनेट. आणि ही वस्तू मुळात किचनसाठी जन्मालाच आली नव्हती! 1912 मध्ये अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर या दोघांनी विजेच्या यंत्रांसाठी इन्सुलेशन म्हणून हा प्रकार शोधला. तोपर्यंत त्या कामाला अभ्रक वापरायचे. अभ्रक म्हणजे मायका. मायकाच्या ऐवजी, फॉर मायका, म्हणून 'फॉर्मायका'. म्हणजे आमच्या मिस्त्रींच्या 'मायका'चं मूळ थेट तिथे जाऊन पोचतं.

आतून बघाल तर हा कागद आहे. खरंच! खाकी कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवतात, वर डिझाइनचा कागद मेलामाइन रेझिनमध्ये, आणि प्रचंड उष्णता आणि दाबाखाली सगळ्याचा एक कडक तक्ता होतो. आपल्याकडे घराघरात जो वापरतात तो साधारण एक मिलिमीटर जाडीचा. वरचा थर भारी टणक, पाण्याला दाद देत नाही. मग सुटतो का? कारण तो सुटत नाहीच, सुटतो तो खालचा गम. आणि फुगतो तो त्याच्या खालचा प्लाय. कडेच्या बारीक फटीतून पाणी आत गेलं की वरून सगळं चकाचक आणि आत सगळा घोळ. गरम कुकर खाली ठेवलात तर वरचा थर एकवेळ सहन करेल, पण गम मऊ पडतो.

आणि इथे आपली एक खास मराठी सवय आडवी येते. आपण ओटा पुसत नाही, धुतो! रात्रीची जेवणं झाली की तांब्याने पाणी ओतायचं, घासणीने खसाखसा घासायचं आणि पाणी सिंककडे ओढायचं. काळ्या कडप्प्यासाठी आणि ग्रॅनाइटसाठी ही सवय उत्तम. लॅमिनेट मात्र ओल्या फडक्याने पुसण्यासाठी बनलंय, आंघोळीसाठी नाही. आमच्याकडे ग्रॅनाइट धुतलेलं पाणी वीस वर्षं रोज रात्री त्या सांध्यावरून जात होतं. त्या मानाने गमने फारच निष्ठेने नोकरी केली म्हणायची.

पहिली पायरी, दुरुस्त होण्यासारखं आहे का ते बघणं. याची टेस्ट सोपी आणि मजेशीर आहे. एक नाणं घ्या आणि सगळ्या ओट्यावर टकटक करत फिरा. चिकटलेल्या ठिकाणी आवाज भरीव येतो, सुटलेल्या ठिकाणी पोकळ. पोकळ भागाभोवती पेन्सिलने रेघ मारा. आमच्या ओट्यावर पुढच्या कडेला दोन फूट लांब आणि चार बोटं रुंद असा नकाशा तयार झाला, शिवाय मध्यभागी तळहाताएवढं एक बेट. मग फटीतून बारीक स्क्रूड्रायव्हर आत घालून प्लाय टोचून बघितला. टोक कडक लाकडाला लागलं तर ठीक. केकमध्ये जावं तसं आत गेलं तर प्लाय कुजलाय, आणि मग कितीही महागाचा गम आणा, काही उपयोग नाही, तो तुकडा बदलावाच लागतो. आमचा प्लाय सिंककडच्या दोन इंचांत थोडा खडबडीत झाला होता, बाकी टणक. बाबांनी त्या वेळी पैसे वाचवले ते ग्रॅनाइटवर, प्लायवर नाही, एवढं कळलं.

दुसरी पायरी सगळ्यात बोअरिंग आणि सगळ्यात महत्त्वाची. वाळवणं. भर पावसाळ्यात हे काम काढू नका, हवेतच इतकं पाणी असतं की प्लाय वाळणार कधी? आमच्या मदतीला ऑक्टोबर हीट आली. आयुष्यात पहिल्यांदा मी ऑक्टोबर हीटचं स्वागत केलं! फट उघडी ठेवायला आईने खराट्याच्या काड्या सुचवल्या. सनमायका हळूच उचलायचा आणि दर चार-पाच इंचांवर एक एक काडी आडवी सरकवायची. फार उचलायचं नाही, एक मिलिमीटरचा तो तक्ता वाकतो वाकतो आणि अचानक कटकन मोडतो. वाकवायचाच असेल तर आधी हेअर ड्रायरने थोडा गरम करावा, म्हणजे जरा ऐकतो. टेबल फॅन लावून दोन दिवस तसंच ठेवलं. त्या दोन दिवसांत सिंकच्या त्या बाजूला पाण्याचा थेंब पडू नये म्हणून आईने जो बंदोबस्त केला, तो मंत्र्यांच्या ताफ्यालाही नसतो.

मग खरेदी. स्टेशनजवळच्या प्लायवूडच्या दुकानातले कच्छी शेठ माझ्याकडे बघून आधी म्हणाले, "मिस्त्री को भेजो ना." मी म्हटलं, मिस्त्री मीच. त्यानंतर मात्र त्यांनी वीस मिनिटांचं लेक्चर दिलं, आणि ते ऐकण्यासारखं होतं. गम म्हटलं की आपल्या डोक्यात एकच पांढरा डबा येतो. पण पांढरा गम आणि रबरवाला गम यांचा फंडाच वेगळा. पांढरा गम पाण्यात मिसळलेला असतो, तो सुकतो ते पाणी लाकडात शोषलं गेल्यावर. म्हणजे खाली कोरडं, स्वच्छ लाकूड पाहिजे आणि वर चोवीस तास भरपूर वजन किंवा क्लॅम्प पाहिजे. नवीन फर्निचरला उत्तम. दुरुस्तीत मात्र लाकडावर आधीच जुन्या गमचा थर असतो, तो शोषू देत नाही. रबरवाला गम, पिवळसर, मधासारखा दाट, त्याची पद्धत उलटी. दोन्ही पृष्ठभागांवर लावायचा, सुकू द्यायचा, आणि सुकल्यावर चिकटवायचं. एकदा टेकलं की टेकलं. सरकवणं नाही, सॉरी म्हणणं नाही.

तिसरा, दोन ट्यूबवाला इपॉक्सी. खड्डा भरायचा असेल, पाण्याजवळ असेल तर तो. मी रबरवाला गम घेतला, कारण आमच्या ओट्याला पुढून खाली पट्टी आहे, क्लॅम्प धरायला जागाच नाही. सिंककडच्या खडबडीत दोन इंचांसाठी इपॉक्सीची छोटी पाकिटं. शिवाय ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, पारदर्शक सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची गन. शेठनी बिल करताना विचारलं, "गॅस बंद करने का पता है ना?"

हे वाक्य तुम्ही पण लक्षात ठेवा. रबरवाल्या गममध्ये जो द्रव असतो तो झपाट्याने उडतो, त्याची वाफ पेट घेते, शिवाय डोकं गरगरतं. म्हणून गॅसचा रेग्युलेटर बंद. खिडक्या सताड उघड्या. फ्रिजचं बटण बंद, कारण कॉम्प्रेसर चालू होताना ठिणगी पडू शकते. आणि आपल्या किचनमध्ये एक ज्योत अशी असते जी परदेशी माहितीपत्रकात कधीच लिहिलेली नसते. देवाचा दिवा! आमचा देव्हारा किचनमध्येच आहे. रविवारी आईने पूजा लवकर उरकली, निरांजन शांत झाल्यावर देवांना सांगितलं, "आज संध्याकाळपर्यंत जरा सांभाळून घ्या," आणि मला म्हणाली, "चल, कर सुरू." जेवण पोळीभाजी केंद्रातून आलं होतं. आईने त्यावर एक शब्दही काढला नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

साफसफाईला पाऊण तास गेला. जुन्या स्टीलच्या पट्टीभोवती पॉलिश पेपर गुंडाळून फटीत घालायचा आणि मागेपुढे घासायचं. वाळलेल्या गमचे पापुद्रे, वीस वर्षांची कणीक, आणि ज्यांचं नाव घ्यायचं नाही त्यांची अंडी. सगळं जुन्या टूथब्रशने बाहेर. ड्रायरच्या थंड हवेने धूळ उडवली. वरून पुन्हा पॉलिश पेपर, कारण गुळगुळीत जागेवर गम धरत नाही. मग जाड पुठ्ठ्याची पट्टी कापून तिने गम आत पसरवला, आधी प्लायवर, मग सनमायकाच्या पोटावर. पातळ, अगदी पोळीला तूप लावतो तसा. प्लायने पहिला हात पिऊन टाकला म्हणून सुकल्यावर दुसरा. त्यानंतर काहीच करायचं नाही. हे फार अवघड असतं. बोटाची मागची बाजू लावून बघायची, ओढल्यासारखं वाटलं पाहिजे पण बोटाला काही लागता कामा नये. डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा या परीक्षेवर भरवसा ठेवा. आम्हाला वीसेक मिनिटं लागली.

या सगळ्या वेळात खराट्याच्या काड्या फटीतच होत्या, गम नसलेल्या जागी सरकवत सरकवत. त्या दोन्ही थरांना एकमेकांपासून लांब ठेवत होत्या. आता एक एक काढायची होती, आतल्या टोकापासून सुरुवात करून. काडी निघाली की तेवढा भाग खाली टेकणार, कायमचा. मी लाटणं घेतलं. तेच, आईचं शिसवी लाटणं.

"तू काड्या काढ, मी लाटते," मी म्हटलं.

"लाटणं माझ्याकडे दे," आई म्हणाली. "जोर कुठे द्यायचा ते मला कळतं."

"खांदा?"

"अगं, साडेतीस इंच आहे की."

मी एक काडी काढली. आईने लाटणं आतून कडेकडे फिरवलं, पोळीची कड दाबतात तसं, म्हणजे हवा बाहेर निघते. दुसरी काडी. तिसरी. पाचव्या काडीला सनमायका थोडा फुगल्यासारखा वाटला, तेव्हा तिने मला हातानेच थांबवलं, दोनदा परत आत जाऊन लाटत आली आणि मान हलवली. काढ. दोन फुटांच्या कडेला आम्हाला पाच मिनिटंही लागली नसतील, पण आम्ही दोघी घामाघूम. अर्थात त्यात ऑक्टोबरचाही हात होता. वरून सुती फडकं आणि लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हलकेच ठोकून घेतलं. सिंककडच्या कोपऱ्यात इपॉक्सी भरलं आणि त्यावर तांदळाचा दहा किलोचा डबा, दुसऱ्या दिवसापर्यंत.

मधल्या बेटापर्यंत फटीतून पोचणं शक्य नव्हतं. तिथे इस्त्रीची युक्ती केली, पण दुसऱ्या दिवशी, गमचा वास पूर्ण गेल्यावर. मध्यम गरम इस्त्री, खाली सुती कापड, एका जागी थांबायचं नाही, आणि गरम असतानाच लाटणं फिरवायचं. खालचा जुना गम उष्णतेने मऊ होतो आणि दाबला की कधी कधी पुन्हा धरतो. इस्त्री फार तापवलीत तर मात्र सनमायकालाच फोड येतात. आमचं बेट तळहाताएवढं होतं, ते आता दोन रुपयांच्या नाण्याएवढं उरलंय. टकटक केलं तर अजून पोकळ वाजतं. मी ते तसंच सोडलं. छिद्र पाडून सुईने गम भरतात म्हणे, पण चांगल्या सनमायकाला भोक पाडायची मला हौस नाही.

पुढच्या कडेवर सनमायका केसभर बाहेर आला होता तो कानशीने घासला. यात एक गोम आहे. कानस नेहमी वरून खाली, प्लायच्या दिशेने चालवायची. खालून वर ओढलीत तर कडेचे टवके उडतात आणि सगळं मुसळ केरात! शेवटी ग्रॅनाइट आणि सनमायकाच्या सांध्यात सिलिकॉन. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावली, मधल्या फटीत सिलिकॉनची सरळ रेघ सोडली, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवलं आणि ओलं असतानाच टेप काढली. रेघ इतकी सुंदर आली की मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. बॉसचा थम्ब्स-अप आला. माझ्या प्रेझेंटेशनला कधी येत नाही.

सगळा खर्च सातशे रुपयांच्या आत. सिलिकॉनला चोवीस तास पाणी लागू द्यायचं नव्हतं, आईने स्वतःहून अठ्ठेचाळीस केले. आता रात्री ग्रॅनाइट धुताना ती आधी एक पंचा पिळून सांध्यावर आडवा ठेवते, म्हणजे पाणी इकडे येतच नाही. ही युक्ती तिची, शेठच्या लेक्चरमध्ये नव्हती. मॉड्युलरवाल्या मुलाचा दर आठवड्याला फोन येतो, दिवाळी ऑफर, मग इयर एंड ऑफर. मी त्याला सांगितलंय की एक भाग साडेतीस इंचांवर असलेलं डिझाइन पाठव, लूकची काळजी मी करते. अजून आलेलं नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आईने त्या ओट्यावर उभ्याने साठ करंज्या लाटल्या. मध्ये दोनदा खांदा फिरवला, एकदा चहा घेतला. मी तळायला होते, शेजारच्या ग्रॅनाइटवर, माझ्या उंचीला. वास जिन्यात गेला आणि शेजारच्या काकू डोकावल्या. करंजी खाताखाता त्यांनी ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, आमच्या पण ट्रॉलीचं दार असंच सुटलंय. तुझ्याकडे तो गम उरलाय ना? आत्ता येते घेऊन, दहा मिनिटांत होईल."

"छे छे," आई लाटणं न थांबवता म्हणाली, "आधी दोन दिवस वाळवा. खराट्याच्या काड्या आहेत का घरी?"